प्रभाग सातचं अधिकृत तापमान

पृथ्वीचं तापमान वाढतं आहे यात माझा वैयक्तिक हात नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या घरी दोन पंखे आहेत आणि त्यातला एक बायको लावू देत नाही, कारण तो कुरकुरतो. तेव्हा जागतिक पातळीवर माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये. पण आमच्या प्रभागाचं तापमान मात्र मी एकदा जवळजवळ सहा अंशांनी खाली आणलं होतं. तेही नुसत्या एका सहीनं. ती हकिकत सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. बाजारात मी लांबून दिसलो की दुकानदार तराजू पुसायला घेत. निवृत्त झाल्यावर हा दरारा एका दिवसात संपला. घरातल्या मोजण्याच्या वाट्या मी एकदा तपासल्या आणि त्यातल्या दोन अप्रमाणित ठरवल्या, तेव्हा आठवडाभर माझा चहा मलाच करून घ्यावा लागला. माणसाला पगाराची सवय सुटते, पण दुसऱ्याच्या चुका काढायची सवय सुटत नाही.

अशा दिवसांत मी पाण्याच्या मीटरची तक्रार घेऊन प्रभाग कार्यालयात गेलो आणि चुकीच्या रांगेत उभा राहिलो. रांगेत मी एकटाच होतो, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. खिडकीवर ‘हवामान कक्ष’ अशी पाटी होती. आतल्या बाईंनी माझी तक्रार शांतपणे ऐकली आणि विचारलं, “आपल्याकडे मोकळा वेळ असतो का हो?”

निवृत्तीनंतर हा प्रश्न इतक्या आदरानं मला कुणीच विचारला नव्हता. बाईंनी समजावून सांगितलं. शहराचा हवामान आराखडा तयार झाला होता. उष्णता वाढते आहे, तर पालिकेनं काय काय करायचं याची त्यात कलमं होती. आणि पालिका बोलते तसं खरंच करते की नाही, हे पाहायला प्रत्येक प्रभागात एक नागरिक निरीक्षक नेमायचा होता. निरीक्षक हा शब्द कानावर पडला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. पाण्याचं मीटर मी त्या दिवशी जे विसरलो, ते आजतागायत गळतं आहे.

मला ओळखपत्र मिळालं. त्यावरच्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. मी हरकत घेतली, पण बाई म्हणाल्या, “चालतं हो, नाव स्पष्ट आहे.” पुढे जे झालं ते पाहता तो फोटो अगदी योग्य होता असं बायकोचं मत आहे.

उन्हाळ्याचा पहिला महिना संपला आणि पहिला अहवाल सहीला आला. ‘प्रभाग सात, दुपारी दोनचं सरासरी तापमान छत्तीस पूर्णांक चार अंश.’ खाली छापलेलं होतं, ‘मजकूर प्रत्यक्ष तपासला, बरोबर आढळला’, आणि त्याखाली माझं नाव, छापील अक्षरांत, हुद्द्यासकट. मी शाईचं पेन मागवलं. सही अशी केली की बाईंना कागद वाळवायला पंख्याखाली धरावा लागला. घरी येऊन मी अहवालाची प्रत समोरच्या दारातल्या गृहस्थांना दाखवली. यांना आख्खी गल्ली ‘सल्लागार’ म्हणते, कारण आयुष्यात त्यांना कुणीही सल्ला विचारलेला नाही. ते म्हणाले, “सही थोडी तिरकी करायला हवी होती.”

चारच दिवसांनी इस्त्रीवाल्या मावशी माझे शर्ट घेऊन दारात आल्या. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला काका म्हणतात, आणि समोरचा माणूस आपल्यापेक्षा मोठा आहे याची आम्हा दोघांनाही खात्री आहे. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छपराची एक बुटकी खोली आहे, तिथे त्यांचं दुकान.

“काका, त्या तापमानाच्या कागदावर तुमची सही आहे म्हणे.”

“आहे,” मी विनयानं म्हणालो.

“मग ती छत्तीस अंशांची जागा कुठे आहे, ते तेवढं सांगा. मी इस्त्री उचलून तिकडे जाते.”

मला काही उलगडेना. मग त्यांनी कलम नऊ सांगितलं, जे मी वाचलेलं नव्हतं. ज्या प्रभागाचं दुपारचं सरासरी तापमान चाळीसच्या वर जाईल, तिथल्या पत्र्याच्या छपरांना पालिका ऊन परतवणारा पांढरा रंग लावून देणार होती. मावशींनी अर्ज केला होता. तो परत आला होता. त्यावर शेरा होता, ‘प्रभागाचं तापमान मर्यादेत आहे. नागरिक निरीक्षकांनी खात्री केली आहे.’

शर्ट माझ्या हातात होते आणि ते अजून गरम होते.

मी घरातला भिंतीवरचा तापमापक काढला आणि दुपारी दोन वाजता मावशींच्या खोलीत नेऊन टांगला. दहा मिनिटांत पारा चव्वेचाळीसवर गेला. इस्त्री त्या वेळी बंद होती. खोलीत मी होतो, मावशी होत्या, कपड्यांचे गठ्ठे होते आणि वरून पत्रा नुसती आग ओकत होता. मला दहा मिनिटं काढवेनात. मावशी तिथे चोवीस वर्षं उभ्या होत्या.

पण मी खात्यातला माणूस. माप चुकलं तर आधी मापावर संशय घ्यायचा, ही आमची शिकवण. घरी येऊन मी तापमापक बर्फाच्या पाण्यात बुडवला. शून्य दाखवायला हवं होतं, त्यानं शून्यच दाखवलं. मग शंभर अंश तपासावेत म्हणून उकळत्या पाण्यात धरला. त्याच्यावर आकडे पन्नासपर्यंतच आहेत हे मी वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. त्याचा फट् असा आवाज झाला आणि बायकोच्या नव्या पातेल्यात लाल पाणी पसरलं. बायको म्हणाली, “एवढ्या बारकाईनं सहीच्या आधी बघितलं असतं तर पातेलं वाचलं असतं.”

एका खोलीवरून प्रभाग ठरत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी शाळेच्या प्रयोगशाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानातून तेवीस तापमापक आणले. ते सगळे बर्फाच्या बादलीत उभे करून तपासले आणि गल्लीतल्या तेवीस घरांत वाटले. पंधरा दिवस, दुपारी ठीक दोन वाजता, सावलीत, दाराबाहेर आकडा बघायचा आणि तक्त्यात लिहायचा. सोबत मी चौदा कलमी सूचनापत्रक दिलं. ते कुणीही वाचलं नाही. मी आराखड्याचं कलम नऊ वाचलं नव्हतं, तेव्हा फिट्टंफाट झाली म्हणायचं.

पहिल्या तीन दिवसांचे आकडे फेकून द्यावे लागले. सल्लागारांनी तापमापक फ्रिजच्या मागे टांगला होता, कारण तिथे खिळा आधीच होता. तळमजल्यावरच्या आजोबांनी तो बाजूला ठेवून घरातला तापाचा थर्मामीटर स्वतःच्या काखेत धरला आणि रोज सत्याण्णव कळवलं. एका नवरा-बायकोचं एकेचाळीस की बेचाळीस यावर एकमत होईना, म्हणून त्यांनी दोन वेगळे तक्ते पाठवले आणि दोघांनीही खाली ‘दुसऱ्याचा आकडा ग्राह्य धरू नये’ असं लिहिलं. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी तर मार्कशीट असल्यासारखी चढाओढ लावली. “आमच्याकडे त्रेचाळीस. तुमच्याकडे किती?” असं जिन्यात विचारायचं आणि समोरच्याचं बेचाळीस ऐकलं की समाधानानं पायऱ्या चढायच्या.

मी घरोघर गेलो, खिळे ठोकले, बोलणी खाल्ली. सल्लागार म्हणाले, “अहो, सरळ माणशी दोन अंश वाढवून लिहा की. पालिकेला काय कळतंय?” मी त्यांना सांगितलं की खोट्या वजनानं खरा माल विकता येत नाही. हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा म्हटलं होतं. या वेळी ते म्हणताना मला माझी सही आठवली.

चौथ्या दिवसापासून मात्र काहीतरी झालं. काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोन वाजायला आले की गल्लीतली दारं एकामागोमाग उघडायची. आजोबा काठी टेकत बाहेर यायचे. भांडखोर नवरा-बायको एकाच चष्म्यातून आळीपाळीनं बघायचे. दातांचे डॉक्टर पेशंटला तसंच आ वासून खुर्चीत सोडून दाराशी येत, आकडा लिहीत आणि परत जात. कुणी कुणाशी बोलत नसे. भर उन्हात तेवीस माणसं तेवीस काचेच्या नळ्यांसमोर मान वर करून उभी. मी माझ्या दारातून ते बघायचो आणि माझ्या अंगावर काटा यायचा. एकतीस वर्षांत सरकारी शिक्क्यासमोरही मी लोकांना इतकं मन लावून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी सगळे तक्ते गोळा करून मी बैठकीच्या खोलीत जमिनीवर मांडले. बायको आकडे वाचत होती, मी उतरवून घेत होतो. कडुनिंबाखालच्या घरात सदतीस, समोरच्या उघड्या घरात एकेचाळीस, गच्चीखालच्या खोलीबाहेर त्रेचाळीस, मावशींकडे चव्वेचाळीस. मी एकोणीस वर्षं या गल्लीत राहतो आणि इथे सात अंशांचा डोंगर आहे हे मला माहीत नव्हतं.

मग बायको वाचता वाचता थांबली. “हे बघा,” ती म्हणाली.

नवव्या दिवसाचे तक्ते होते. गल्लीच्या पश्चिम टोकाच्या घरानं शेऱ्यात लिहिलं होतं, ‘दोनला एक मिनिट कमी, ढग आला.’ त्याच्या शेजारच्यानं लिहिलं होतं, ‘दोन वाजता सावली पडली.’ पुढच्या घरात, ‘दोन वाजून एक मिनिट, ऊन गेलं, बरं वाटलं.’ डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘दोन वाजून दोन मिनिटं, ढग. पेशंटनंही पाहिला.’ आणि पूर्वेच्या टोकाला मावशींच्या वेड्यावाकड्या अक्षरात, ‘दोन वाजून चार मिनिटं, आमच्याकडे पण आला.’

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शेरा लिहायचा असं माझ्या चौदा कलमांतही नव्हतं. एक लहानसा ढग पाच मिनिटांत आमच्या गल्लीवरून चालत गेला होता आणि घरागणिक त्याची पावलं कागदावर उमटली होती. आम्ही दोघं नवरा-बायको कितीतरी वेळ त्या कागदांकडे बघत जमिनीवर बसून राहिलो. एवढं मोठं आभाळ, आणि ते आमच्या साध्या माणसांच्या फुटपट्टीत सापडलं होतं. मला भरून आलं. बायकोलाही आलं असावं, कारण तिनं पातेल्याचा विषय काढला नाही.

गल्लीची सरासरी निघाली बेचाळीस पूर्णांक तीन.

ते बाड घेऊन मी हवामान कक्षात गेलो. बाईंनी सगळं चाळलं, ढगापाशी त्याही थबकल्या, पण नियम तो नियम. “खासगी आकडे आम्हाला धरता येत नाहीत हो. अधिकृत यंत्र छत्तीस दाखवतंय.”

“यंत्र आहे कुठे?”

“गच्चीवर. मोकळ्या जागेत, खांबावर. तसं आराखड्यातच आहे.”

“तुम्ही पाहिलंय?”

बाईंनी पाहिलं नव्हतं. आकडा रोज चिठ्ठीवर खाली यायचा. चिठ्ठी शिपाईमामा आणायचे. आम्ही दोघं जिना चढून गच्चीवर गेलो. खांब होता, यंत्र नव्हतं.

“चोरीला गेलं!” बाई ओरडल्या. त्यांचा आवाज ऐकून शिपाईमामा वर आले आणि दुखावलेल्या सुरात म्हणाले, “चोरीला कसं जाईल? मी आहे ना.”

मामा आम्हाला कार्यालयाच्या मागच्या अंगाला घेऊन गेले. तिथे पाण्याच्या मोठ्या टाकीखाली, दाट झाडाच्या सावलीत, एका स्टूलवर ते यंत्र ठेवलेलं होतं. त्याच्यावर ओलं फडकं होतं. शेजारी फडकं भिजवायची बादली आणि मामांची खुर्ची.

“दोन वर्षांपूर्वी बसवलं तेव्हा मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं,” मामा म्हणाले, “महागाचं यंत्र आहे, जिवापाड जपा. गच्चीवर काय ऊन असतं, साहेब! हात लावला तर चटका बसायचा बिचाऱ्याला. त्याच दिवशी खाली आणलं. दुपारी दर अर्ध्या तासानं फडकं ओलं करतो. रजेच्या दिवशीसुद्धा येतो. दोन वर्षांत एकदा तापू दिलं नाही.”

मी एकतीस वर्षांत पोकळ वजनं पाहिली, तराजूला चिकटवलेले लोहचुंबक पाहिले, तळाला मेण लावलेली मापं पाहिली. मायेनं खोटं पडलेलं माप मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मामांवर रागवायला माझं तोंडच उघडेना. बाईंनी डोक्याला हात लावला आणि फडक्याकडे बघत म्हणाल्या, “मामा, अहो, तापलं तरच ते सांगणार ना!”

मला वाटलं, संपलं. आता यंत्र वर, आकडा वर, रंग छपरावर. पण बाईंनी कपाटातून नमुना बारा काढला. एकदा नागरिक निरीक्षकानं खात्री केलेला अहवाल पालिकेला स्वतःहून उघडता येत नाही. तो निरीक्षकानंच, स्वतःच्या हातानं लिहून द्यायचा, ‘मी प्रत्यक्ष तपासणी न करता सही केली.’ खाली कारण. आणि हा कागद पंधरा दिवस कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागणार, म्हणजे हरकती घेता येतात.

ज्या माणसानं दहा ग्रॅमसाठी लोकांचे परवाने अडवले, त्यानं हे लिहायचं! मी नमुना बारा घडी करून खिशात ठेवला आणि घरी आलो. सल्लागार म्हणाले, “सही माझी नव्हेच म्हणा. तरी मी म्हणत होतो, तिरकी करा.” मेहुण्यांनी फोनवर सुचवलं की चूक यंत्राची, मग कबुली यंत्रानं द्यावी. बायकोनं फक्त विचारलं, “लोकांची मापं खोटी निघायची तेव्हा काय करायचात हो तुम्ही?”

“शिक्का मारून फलकावर लावायचो.”

“हं,” ती म्हणाली आणि तांदूळ निवडणं पुढे चालू ठेवलं.

दोन दिवस तो कागद माझ्या खिशात होता. तिसऱ्या दिवशी दुपारी शर्ट द्यायला गेलो तर मावशींचं दार अर्धवट ओढलेलं. त्या बाहेर पायरीवर बसल्या होत्या, डोक्यावर ओला टॉवेल. सकाळी इस्त्री फिरवता फिरवता चक्कर येऊन पडल्या होत्या. कोपर खरचटलं होतं.

“डॉक्टर म्हणतात, त्या खोलीत उभं राहायचं नाही,” त्या म्हणाल्या. “अजून पंधरा-वीस दिवस बघते. नाहीतर बंद करते दुकान. दुसरी खोली कोण देतंय मला?”

“मावशी, ती सही...”

“असू दे हो काका. तुम्हाला काय ठाऊक होतं? मोठ्या लोकांनी मोजलंय म्हणजे खरंच असेल, असं मलासुद्धा दोन दिवस वाटलं होतं. म्हटलं, आपल्यालाच मेलं सहन होत नसेल.”

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझ्या एका सहीनं ही बाई स्वतःच्या अंगाच्या काहिलीवर शंका घ्यायला लागली होती. मी तिथून तडक कार्यालयात गेलो. नमुना बारा भरला. ‘तपासणी न करण्याचे कारण’ या रकान्यापुढे पेन बराच वेळ अडलं. प्रकृती अस्वास्थ्य, अपुरी माहिती, कामाचा ताण, सगळी खात्यातली कारणं डोळ्यांपुढून गेली. शेवटी मी खरं होतं ते लिहिलं. ‘कागदावर स्वतःचं नाव छापलेलं पाहून फार आनंद झाला, त्यामुळे वरचा मजकूर वाचला नाही.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. “हे असंच लावू?”

“असंच लावा.”

पंधरा दिवस ते फलकावर होतं. लोक थांबून वाचत. काहींनी अक्षराची तारीफ केली. बाजारातला एक जुना दुकानदार, ज्याचा तराजू मी दोनदा जप्त केला होता, मुलाबाळांना घेऊन आला आणि त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. त्यानं मला पाहिलं, जरा ओशाळला आणि नमस्कार केला. तो नमस्कार नोकरीत मला मिळायचा त्यापेक्षा वेगळा होता.

हरकत कुणाचीच आली नाही. यंत्र कबुलीच्या दिवशीच खांबावर परत गेलं होतं. पहिले दोन दिवस शिपाईमामा त्याच्याकडे बघायला तयार नव्हते, त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पंधरा दिवसांची सरासरी बेचाळीस पूर्णांक एक. आमच्या गल्लीचा आकडा आणि त्या महागाच्या यंत्राचा आकडा यांत फक्त दोन दशांशांचा फरक. काखेवाले आजोबा, फ्रिजवाले सल्लागार, भांडखोर नवरा-बायको, आ वासलेले पेशंट, हे सगळं जमेस धरून. बाईंनी तो आकडा मला नुसता कागद फिरवून दाखवला.

उन्हाळ्याचे तीन आठवडे उरले असताना मावशींच्या छपराला पांढरा रंग लागला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी तापमापक घेऊन गेलो. सल्लागार, डॉक्टर, आजोबा, बायको, सगळे दाराशी जमले. खोलीत पारा अडतीसवर थांबला. मी पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. अडतीस.

मी मावशींना आकडा सांगितला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली, हात वर केला आणि तळहात सपाट वरच्या पत्र्याला लावला. मी दचकलो. रंग लागण्याआधी भर दुपारी दोन वाजता त्या पत्र्यावर पाण्याचा थेंब क्षणभर टिकत नसे. त्यांनी हात काढला नाही. तसाच ठेवून उभ्या राहिल्या, दाराकडे पाठ करून, आणि त्यांचे खांदे जरासे हलले.

मला राहवेना. मी बुटका, म्हणून कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, वर चढलो आणि त्यांच्या हाताशेजारी माझाही हात लावला. पत्रा कोमट होता. नुसता कोमट. वर सूर्य तोच होता, ऊन तेच होतं, आणि माझ्या तळहाताला ते सोसत होतं. मी डोळे मिटले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मावशींनी पदरानं तोंड पुसलं आणि इस्त्री उचलली.

“उतरा आता, काका,” त्या म्हणाल्या. “कपडे ठेवायला स्टूल लागतंय मला.”